तसबिरीमागचा खटका

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात देवाची तसबीर भिंतीवर नव्हती, मशीनवर होती. पुठ्ठा कापायच्या मशीनच्या डाव्या खांबाला, डोळ्यांच्या उंचीवर, चारही बाजूंनी टेप मारून पक्की बसवलेली. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी मुकादम चपला काढायचा, तसबिरीला कपाळ टेकवायचा आणि मगच बटण दाबायचा. बाकीचे हात जोडून मागे उभे. एकटा वाकड्या पान्हा घेऊन दुसरीकडे बघत राहायचा. वाकड्या म्हणजे कारखान्याचा फिटर. देव मानत नाही म्हणून हे नाव पडलेलं. कणा ताठ होता त्याचा, निदान दिसायला.

त्या तसबिरीच्या मागं काय आहे ते तिघांनाच ठाऊक होतं. ती चिकटवणारा मुकादम, मशीनचं पोट ओळखणारा वाकड्या, आणि त्या मशीनवर केस पिकवलेली मुकादमाची थोरली बहीण. तिला सगळा कारखाना अक्का म्हणायचा.

मागं खटका होता. मशीनच्या तोंडाला लोखंडी जाळी असते. जाळी खाली ओढली की खटका दाबला जातो, आणि मगच पायाखालचं पेडल लागू होतं. जाळी वर असताना पेडलवर नाचलात तरी पातं जागचं हलत नाही. ज्यानं हे मशीन बनवलं त्याला माणसाच्या हाताची काळजी होती. पण दर पुठ्ठ्याला जाळी वर-खाली करायची म्हणजे वेळ जातो, आणि मालकाला ते खपत नव्हतं. तेव्हा खटका दाबलेलाच राहावा म्हणून मुकादमानं त्यात पुठ्ठ्याची घडी ठासली, जाळी कायमची वर बांधून टाकली, आणि घडीवर देव बसवला.

लपवण्यासाठी नाही. डोक्यात तिडीक जाते ती इथंच. लबाड असता तर त्याला चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यानं अगदी मनापासून देव बसवला. "आता तोच बघेल," असं अक्काला म्हणाला आणि निर्धास्त झाला. अक्कानंही हात जोडले. तीही निर्धास्त झाली.

मंगळवारी चिमणीचा हात गेला. चिमणी म्हणजे नवी पोरगी, सारखी चिवचिव करायची म्हणून चिमणी. अक्का जेवायला उठली की तिच्या जागी बसायची. उजव्या हाताची चार बोटं गेली. मुकादमानं तिला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, रक्त दिलं, तिथल्या बाकावर बसून हमसाहमशी रडला. ते रडणंही खरं होतं.

गुरुवारी सकाळी सरकारी तपासणीच्या बाई यायच्या होत्या. खटक्यातली घडी काढून टाकायचा विचार मुकादमानं केला होता, पण वाकड्यानं सांगितलं, आतली स्प्रिंग केव्हाच मेलीय. घडी काढली तर मशीन जाळी खाली असतानाही चालणार नाही. म्हणून मुकादमानं दुसरा मार्ग काढला.

"अक्का, जाळी सोडून खाली घेतलीय मी. बाई म्हणतील, जाळी वर करून चालवून दाखवा. तू पाय नुसता टेकवायचा. दाबायचा नाही. पातं येणार नाही, बाईंना वाटेल खटका शाबूत आहे."

"मग पोरीचा हात कसा गेला म्हणणार?"

"बाजूच्या फटीतनं घातला म्हणायचं. अवखळ होती, हे तर खरंच ना?"

"अरे, देवासमोर बोलतोयस हे."

"त्याला सगळं ठाऊक आहे. किती घरं जेवतात इथं, तेही ठाऊक आहे. मी गेलो तर तूही जाशील. माझ्यासाठी करतोय का मी हे?" आणि बाहीनं तसबिरीची काच पुसून तो फाटकाकडे गेला.

हात धुवायच्या नळाशी अक्कानं वाकड्याला गाठलं.

"तूच काढ की ती तसबीर बाईंच्या समोर."

"मी? मी हात लावला तर म्हणतील, यानंच घडी घातली आणि आता देवावर ढकलतोय. तू काढलीस तर कुणाची जीभ उचलणार नाही."

"भितोस म्हण."

"भितो. देवाला नाही, तुझ्या भावाला."

"मग तुझं न मानणं कुठल्या कामाला आलं रे?"

"तुझं मानणं आलं का?" वाकड्या म्हणाला आणि चेहऱ्यावर पाणी मारत राहिला. अक्काला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. ती तशीच मशीनकडे वळली.

तपासणीच्या बाई कडक निघाल्या. चहा नको म्हणाल्या, खुर्चीही नको म्हणाल्या. सरळ मशीनपाशी. फरशी घासून पुसून लख्ख केलेली होती.

"खटका कुठाय?"

"या तसबिरीच्या मागं, बाई," मुकादम म्हणाला. "काढू? म्हणाल तर काढतो." आणि त्यानं खरंच तसबिरीकडे हात नेला.

बाईंचे दोन्ही हात आपसूक जोडले गेले. "नको, नको. राहू दे. चालवून दाखवा."

अक्का बसली. जाळी खाली ओढली, पेडल दाबलं. पातं धप्पकन आलं, पुठ्ठा कापून वर गेलं.

"आता जाळी वर."

अक्कानं जाळी वर केली आणि पाय पेडलवर ठेवला. अंगठ्याला काहीतरी मऊ लागलं. मशीनच्या खाली, पुसणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली, चिमणीची एक चप्पल.

"दाबलंत?"

"दाबलंय."

"जोर लावा ना."

अक्कानं मांडी आवळली, दात आवळले, आणि पाऊल मात्र पेडलच्या वर केसभर अधांतरी धरलं. पातं हललं नाही. मुकादमानं श्वास सोडला.

"हं," बाई म्हणाल्या. "पण मग हात गेला कसा? आजी, खरं सांगताय ना?"

"पोरीनं बाजूच्या फटीतनं घातला. आमच्यात खोटं चालत नाही बाई," मुकादम म्हणाला. "अक्का, ठेव हात देवावर."

अक्कानं डावा हात तसबिरीवर ठेवला. काच गार होती. तिला वाटलं आता जीभ लुळी पडेल, निदान अडखळेल तरी. अख्खं आयुष्य ती याच भीतीवर सरळ चालली होती.

"जाळी वर असली की मशीन चालत नाही. देवाशपथ."

मीठ मागावं इतकं सहज आलं ते तोंडून. ना जीभ अडली, ना हात थरथरला. तसबिरीतला देव होता तसाच हसत होता.

बाईंचं समाधान झालं. शपथेवर सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी बाही वर सारली, वाकल्या, आणि उघड्या जाळीतून आपला उजवा हात कोपरापर्यंत पात्याखाली घातला. "बाजूची फट बघते जरा. एवढ्याशा फटीतून हात जातोच कसा?"

अक्काचा पाय अजून पेडलवर होता. इतका वेळ अधांतरी धरलेला. पोटरीत गोळा आला होता, पाऊल आपोआप खाली ताणलं जात होतं आणि मागं येत नव्हतं. तिनं मुकादमाकडे बघितलं. मुकादमाचे डोळे मिटलेले. ओठ भराभर हलत होते, नामस्मरण चाललं होतं. तिनं वाकड्याकडे बघितलं. मेन स्विचच्या हातभर अंतरावर उभा होता तो, पान्हा घट्ट धरून, नजर फरशीवर.

एक देवाला हाक मारत होता. दुसऱ्याला हाक मारायला कुणी नव्हतं. आणि बाईंची बोटं पात्याखाली चाचपडत होती. एका बोटात अंगठी होती.

"बाई, हात काढा!"

"का? काय झालं?"

"काढा आधी!"

"अहो, आत्ताच शपथ घेतलीत ना तुम्ही?"

"खोटी घेतली! खोटी! काढा तो हात!"

बाई मागं कोलमडल्या. अक्काचा पाय सुटला आणि पेडलवर पडला. पातं आलं. रिकाम्या लोखंडावर आपटलेल्या त्या आवाजानं खिडकीची तावदानं हादरली. बाई भिंतीला टेकून आपली पाचही बोटं एकेक करून दुमडून बघत होत्या.

अक्का लंगडत उठली. नखांनी टेप ओरबाडली आणि तसबीर उचकटली. मागून काळी पडलेली पुठ्ठ्याची घडी खाली पडली. तिनं ती उचलून बाईंच्या हातात दिली. "हे खरं कारण. पोरीनं हात बाजूनं घातला नव्हता. हे आम्हांला ठाऊक होतं, मला धरून." मग तसबिरीची काच पुसून ती तिनं भावासमोर धरली.

मुकादम पांढराफटक पडला होता. तसबीर घेतली नाही त्यानं. "तू देवावर हात ठेवून खोटं बोललीस," तो पुटपुटला. "अक्का, देवावर हात ठेवून."

माणसाचा हात जाता जाता वाचला आणि याला हे दिसलं.

"बोलले," अक्का म्हणाली. "काहीसुद्धा झालं नाही मला. तीच तर भीती आहे, बाबा. धर हे. घरी ने. याला पुन्हा कामाला लावू नकोस."

बाईंनी मशीनला सील ठोकलं. सगळे बाहेर पांगले. वाकड्या जवळ आला, उगाच हसला. "मग काय अक्का? आलीस आमच्यात?"

"तुमच्यात? संध्याकाळी घरी जाऊन मी रोजच्यासारखी हात जोडून बसणार आहे. त्याच्याशी माझं भांडण आहे, ते मी बघेन. तू स्विचपाशी कशाला उभा होतास तेवढं सांग."

वाकड्याचं हसू जिरलं. तो पान्ह्यावरचं ग्रीस अंगठ्यानं पुसत राहिला.

अक्का गुडघ्यांवर बसली, मशीनखाली हात घातला आणि चिमणीची चप्पल बाहेर ओढली. सील ठोकलेलं, वीज तोडलेलं मशीन. तरी हात आत जाताना तिचे डोळे वर पात्याकडेच होते.

"कुठं निघालीस?" वाकड्यानं विचारलं.

"दवाखान्यात. पोरीला सांगायला, की चूक तिची नव्हती. चल. तूही सांग."

तो जागचा हलला नाही. ती थांबली नाही.