एकशे सव्वीस कोरी कार्डं

मित्रांनो, मी धड पूर्ण वस्तूसुद्धा नाही. मी एका कपाटाचा खण आहे. जुना, सागवानी, पितळी मुठीचा. त्या कपाटात माझ्यासारखे चाळीस खण होते. बाकीचे एकोणचाळीस कुठे गेले, कोण जाणे. कपाटाशिवाय खण म्हणजे नुसतं झाकण नसलेलं खोकं, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या पोटात अकराशे त्रेचाळीस कार्डं आहेत आणि ती सगळीच्या सगळी एकाच शब्दाची आहेत. त्यांचं काय झालं ते सांगतो. गोष्ट गोड नाही, तेव्हा ज्याला गोड हवी असेल त्याने इथूनच उठावं.

मला घडवलं त्या सुताराचा हात चांगला होता, पण माझ्या वेळी त्याचा रंधा जरा घसरला. मी आत जाताना अडकायचो. कपाट कचेरीत आणून ठेवलं तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "हा एक जरा हट्टी निघालाय. खालून डाव्या हाताने उचलून ढकलायचा, मग जातो."

"मग हाच मला द्या," असं जे गृहस्थ म्हणाले, ते आमचे सर.

कचेरी चपलांच्या दुकानाच्या वर होती. दोन खोल्या, चार टेबलं आणि आमचं कपाट. तिथे इंग्रजी शब्दांचा मोठा कोश तयार होत होता. शब्द सापडेल ते वाक्य एका कार्डावर लिहायचं, कुठे वाचलं किंवा कोण बोललं ते खाली लिहायचं, कोपऱ्यात क्रमांकाचा शिक्का मारायचा आणि कार्ड खणात टाकायचं, अशी तिथली पद्धत. इतर खणांत पन्नास-पन्नास शब्द सुखाने नांदत होते. माझ्यावर मात्र सरांनी स्वतःच्या हाताने एकच शब्द लिहून चिकटवला. तो शब्द होता 'सेट'.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. दोन अक्षरांचा शब्द आणि त्याला अख्खा खण! पण सर रस्त्याने कान उघडे ठेवून चालायचे आणि हा शब्द त्यांना जिथेतिथे भेटायचा. गवंडी म्हणाला, सिमेंट सेट झालं. केस कापणारी म्हणाली, तुमचे केस सेट करून देते. सोनाराने गळ्यातलं आणि कानातलं मिळून सेट दाखवला, हाडाच्या डॉक्टरांनी मनगट सेट केलं, नाटकवाल्यांनी सेट उभा केला, खेळाडू पहिला सेट हरला. घड्याळाचा गजर सेट झाला. इंग्रजी पुस्तकांत तर सूर्यसुद्धा रोज याच शब्दाने मावळायचा. एकदा जिन्यात शेजारीण सरांना म्हणाली, "आमचा धाकटा आता सेट झाला हो, नोकरी लागली." सरांनी तिथेच खिशातून कार्ड काढलं. ती बिचारी पेढ्यांची तयारी करून आली होती आणि हे तिला विचारत होते, "म्हणजे नक्की काय झाला?"

या शब्दावर सरांचा जीव होता. सिमेंट सेट होतं आणि जेलीही सेट होते, पण हे दोन अर्थ एकच की वेगळे, यावर त्यांनी नऊ दिवस घालवले. शेवटी ते स्वतःशीच म्हणाले, "जेली उन्हात ठेवली तर परत पातळ होते. सिमेंट नाही होत." आणि त्यांनी दोन्हींच्या मध्ये एक कोरं कार्ड उभं केलं.

हे कोरं कार्ड नीट लक्षात घ्या, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. अर्थाला आधी नाव द्यायचं नाही, ही सरांची रीत होती. नाव दिलं की माणूस पुढची कार्डं ओढूनताणून त्यातच कोंबतो, असं ते म्हणत. म्हणून जिथे एक अर्थ संपून दुसरा सुरू होतो, तिथे ते नुसतं कोरं कार्ड ठेवायचे. अकरा वर्षांत माझ्यात अशी एकशे सव्वीस कोरी कार्डं उभी राहिली. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. सगळा अर्थ त्या क्रमात आणि त्या कोऱ्या जागांत होता. मी तेव्हा मनातल्या मनात फार मिरवायचो. चाळीस खणांत माझ्याएवढं विचारपूर्वक भरलेलं कुणी नव्हतं. फक्त ही रीत सरांनी कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

आता बाईंविषयी. बाई कार्डं टाइप करायच्या. त्या कायम नोकरीत नव्हत्या, दर सहा महिन्यांनी त्यांचा कागद नव्याने निघायचा. कामाला चोख, बोलायला कमी. एकदा त्यांच्याकडून दोन कार्डं गहाळ झाली तेव्हा मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना झापलं. "तुमच्यासारख्या दहा मिळतील," असं ते म्हणाले. त्यानंतर दोन दिवस बाईंनी डबा उघडला नाही. सरांनी ते पाहिलं होतं. आणि तेव्हापासून बाईंनी एक निळ्या पुठ्ठ्याची वही सुरू केली. कोणत्या दिवशी कोणता खण उघडला, काय काढलं, काय हलवलं, आधी कसं होतं, सगळं त्यात लिहायचं, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलं तर वही दाखवता येईल. सरांना वाटायचं, ती हजेरीची वही आहे.

मग सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते तीन आठवडे रजेवर गेले. नेमकी त्याच वेळी कचेरीतली कोरी कार्डं संपली आणि नवी येईनात. साहेबांचा तगादा चालूच होता. बाईंनी एकेक खण धुंडाळला आणि मला ओढलं.

"अगंबाई, इथे इतकी कोरी पडून आहेत!" त्या म्हणाल्या.

 मित्रांनो, खणाला तोंड असतं, पण ते ओढल्यावर उघडण्यापुरतंच. बाईंनी एकेक कोरं कार्ड उपसलं. ते करतानाच त्यांच्या लक्षात आलं की माझ्यातले क्रमांकही वेडेवाकडे आहेत; नऊशेच्या शेजारी बारा, बाराच्या शेजारी चारशे. "सरांना दिसत नव्हतं ना," त्या हळहळून म्हणाल्या, "कसं चाललं असेल बिचाऱ्यांचं." त्यांना सरांसाठी काहीतरी करायचं होतं. त्यांनी दीड दिवस बसून सगळी कार्डं क्रमांकाप्रमाणे लावली. पण कोरी कार्डं उपसतानाच, आपल्या नेमाप्रमाणे, त्यांनी जुना क्रम निळ्या वहीत उतरवून घेतला होता. सात पानं भरली. अकराशे त्रेचाळीस क्रमांक एकापुढे एक, आणि जिथे कोरं कार्ड होतं तिथे एक छोटी आडवी रेघ.

म्हणजे सगळं होतं. सगळं शाबूत होतं, माझ्यापासून चार हातांवर, बाईंच्या टेबलावर.

सर परत आले ते डोळ्याला हिरवी पट्टी लावून. खालून डाव्या हाताने उचलून त्यांनी मला ओढलं आणि बोटं कार्डांवरून फिरवली. बोटं थांबली. पुन्हा पहिल्यापासून फिरली.

"बाई, यात कोरी कार्डं होती."

"हो सर, एकशे सव्वीस निघाली. एकही वाया नाही घालवलं." बाईंचा चेहरा फुलला होता. "आणि तुमचा खण नीट लावून ठेवलाय. आता क्रमांक सांगा, मी डोळे मिटून काढून देते."

सरांनी मला अलगद आत ढकललं.  एक शब्द बोलले असते तर तो साहेबांच्या खोलीपर्यंत गेला असता आणि बाईंचा पुढचा कागद निघाला नसता. ते एवढंच म्हणाले, "बरं केलंत."

त्या दोन शब्दांनी आमचा घात केला. मी आजही त्यांना त्यासाठी माफ करू शकत नाही, आणि माझं त्यांच्यावर जेवढं प्रेम होतं तेवढं कुणावरच नव्हतं.

सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भिंग घेऊन, एका डोळ्याने, कुणाला न सांगता. पण अकरा वर्षांचा विचार परत येत नसतो. "हे मी जेलीशेजारी का ठेवलं होतं?" असं पुटपुटत ते अर्धा-अर्धा तास एका कार्डाकडे बघत बसायचे. शेजारणीचा धाकटा कधी मोडलेल्या हाडाजवळ जायचा, कधी सिमेंटजवळ. दुपारपर्यंत लावलेलं संध्याकाळी ते स्वतःच मोडायचे. साहेब दारात उभे राहून सुनवायचे, "अहो, अख्खा खंड अडलाय तुमच्या एका शब्दासाठी. तीन आठवड्यांपूर्वी संपत आलं म्हणत होतात, आता काय झालं?" सर खाली मान घालून ऐकून घ्यायचे. पुढे आठवड्यांचे महिने झाले आणि महिन्यांचं वर्ष. बाईंनाही कोडं पडलं होतं. एकदा त्या शिपायाला हळूच म्हणाल्या, "सर हल्ली काम टाळतात. इतका नीट लावून दिला होता मी खण." सरांनी ते ऐकलं. 

आणि निळी वही समोर! बाई रोज ती उघडायच्या, रोज मिटायच्या. सर रोज तिच्यावरून हात लांबवून टाचण्यांची डबी उचलायचे. दोन वर्षं मी हे पाहिलं. मी लाकूड आहे म्हणून फुटलो नाही, एवढंच.

अखेर साहेबांनी हात झटकले. शाळेतल्या मुलांच्या एका खिशातल्या कोशातून नऊ अर्थ उतरवून घेतले आणि खंड छापायला पाठवून दिला. सर इतकंच म्हणाले, "त्या पानावर माझं नाव नको." त्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाला शाल नको, हा खण द्या, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी खांदे उडवून होकार दिला. माझा उपयोगच काय होता आता?

सरांच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर राहायचो. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, मला उचलून ताटं मांडायच्या आणि जेवणं झाली की परत आणून ठेवायच्या. सर एकशे सव्वीसपैकी एकेचाळीस जागांपर्यंत पोचले. मग दुसरा डोळाही गेला, आणि पुढच्या थंडीत ते स्वतः.

वहिनी मला पिशवीत घालून बाईंच्या घरी घेऊन आल्या. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, बाईंकडे द्या म्हणून. तुम्ही टाइप केलीत ना ही."

बाईंनी मला मांडीवर घेतलं. आत पाहून त्या म्हणाल्या, "वहिनी, क्रम बिघडलाय सगळा. आणि ही कोरी कार्डं परत कशाला घातली सरांनी?"

"त्यांचा सगळा जीवच त्या कोऱ्या कार्डांत होता हो," वहिनी म्हणाल्या. "कोरं कार्ड आलं की अर्थ बदलला, असं होतं त्यांचं. ऑपरेशनहून परत गेले तर कुणीतरी सगळी काढून टाकलेली. अकरा वर्षांचं काम! मी म्हटलं, विचारा ना कचेरीत कुणी काढली ते. तर म्हणाले, विचारलं की ज्याने काढली त्याला कळेल."

 बाईंचे हात माझ्या कडांवर घट्ट आवळले गेले. मग अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "मी काढली. मीच."



"पण माझ्याकडे होता तो क्रम. जसाच्या तसा, वहीत. सात पानं लिहिली होती मी. त्यांनी एकदा रागावून विचारलं असतं तरी मी ती पुढे केली असती. दुपारभराचं काम होतं, वहिनी. एका दुपारचं."

"मग कुठे आहे ती वही?"

"कचेरी हलली तेव्हा रद्दीत गेली." बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "गठ्ठा मीच बांधला."

वहिनींनी धीराचे चार शब्द बोलायला हवे होते, असं तुम्हाला वाटेल. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीची घडी केली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. मला त्यांचा राग येत नाही.

बाईंनी दुसऱ्या दिवशी कोऱ्या कार्डांचं नवं पाकीट आणलं. आता रोज दुपारी त्या मला पुढ्यात घेतात. दोन कार्डं वाचतात आणि त्यांच्या मध्ये एक कोरं कार्ड धरून बसतात. ते तिथे ठेवायचं की नाही, हे त्यांना कळत नाही. ते ज्यांना कळत होतं त्यांना आता विचारता येत नाही. थोड्या वेळाने कार्ड पाकिटात परत जातं. हे काम कधीच पुरं होणार नाही, हे मला कळतं आणि बाईंनाही कळतं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामात तुम्हाला काही रिकामं दिसलं, तर ते उचलण्याआधी त्याला विचारा. आणि तुमचं काही कुणाच्या हातून बिघडलं, तर त्याला जपण्याच्या नादात गप्प राहू नका. त्याला सांगा. तो रडेल, तर रडू द्या. रडून झालं की तो कदाचित उठेल आणि आपली वही काढून तुमच्यापुढे ठेवेल.