ओठांनी तोडलेला भाव

हा आवाज देवनागरीत लिहिता येत नाही. 'ब्रर्र' लिहिलं तर जीभ मध्ये येते, आणि जिभेचं इथे काही काम नाही. दोन्ही ओठ सैल मिटायचे आणि मागून हवा सोडायची, म्हणजे ते एकमेकांवर फडफडतात. तान्हं मूल तोंडातला मऊ भात उडवताना करतं, तो. पुढे जिथे (   ) असा रिकामा कंस दिसेल, तिथे वाचणाऱ्याने आवाज स्वतः करायचा. शेजारी कोणी बसलं असेल तर हळू.

तर,

डहाणूच्या बंदरावर मालूआत्या माशांचा लिलाव करते. बोट लागली, पाट्या उतरल्या की ती ढिगापाशी उभी राहते. मासे विकणाऱ्या बाया बोली चढवत जातात. भाव मनासारखा झाला की आत्या (   ) करते आणि विषय संपतो. त्यानंतर कोणी दुप्पट देतो म्हटलं तरी ढीग हलत नाही. पण (   ) होईपर्यंत बोली उघडी, मग सूर्य डोक्यावर येऊ दे. तिच्या आधी तिची सासू असाच भाव तोडायची. खाडीच्या वाऱ्यात शब्द विरतात, हा विरत नाही.

दोन हजार सतराच्या डिसेंबरात आत्याच्या भाच्याचं, विपुलचं लग्न ठरलं. फोटोत आत्याचं तोंड भरलेलं दिसावं म्हणून त्याने तिला मसोलीला दातांच्या डॉक्टरकडे नेऊन कवळी बसवून आणली. (हा कंस रिकामा नाही, इथे फुंकू नका. फोटो चांगला आला, एवढंच सांगायचं होतं.)

कवळी घालून पहिला लिलाव. पापलेटचा ढीग. हिरकणी आणि नूतन चढाओढीने बोलतायत. नूतनची बोली वर आहे. आत्याने ओठ मिटले, हवा सोडली, आणि वरचे दात सुटून ढिगात पडले.

"पापलेटला दात आले गो," हिरकणी म्हणाली.

सगळं बंदर हसलं. आत्याने दात धुऊन परत बसवले आणि साध्या आवाजात सांगितलं, "तुटला. नूतनला."

"कुठे तुटला? मला ऐकू नाही आला," म्हणत हिरकणीने भाव वाढवला. मग नूतनने. मग पुन्हा हिरकणीने. आत्या ओठ फुगवायची, नुसती हवा जायची. बर्फाचं पाणी झालं. ज्याची बोट होती तो देवजी तांडेल आधी हसत होता, नंतर डोळे चोळू लागला.

बर्फवाला जिग्नेश टेम्पोला टेकून बघत होता. "मालूमासी, घंटी लावू ने इथे. भाव झाला की टण्ण. कोणीपण वाजवेल."

"कोणीपण" आत्याला लागलं.

"उद्या बघतो," देवजी म्हणाला. "उद्या नाही जमलं तर घंटी."

दात काढून का नाही केलं? विपुलनेही घरी हेच विचारलं.

"बोळकं होतं तेव्हा बोळकंच होतं," आत्या म्हणाली. "आता काढले तर म्हणतील, बघा, काढले."

संध्याकाळी ती अंगणात, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली तोंड गच्च मिटून बसली. शेजारी विपुलची बहीण भाविका. मुंबईला भाषाशास्त्र शिकते. लग्नासाठी आली होती, आणि आल्यापासून कोणी तिला भाषाशास्त्राबद्दल काही विचारलं नव्हतं.

"आत्या, तुझा आवाज जगात अगदी मोजक्या भाषांमध्ये शब्दात येतो."

"बरं."

"ब्राझीलच्या जंगलात एका भाषेत आहे. तिथले लोक तो बाहेरच्यांसमोर काढायला बिचकायचे. आधी आलेले लोक हसले होते म्हणून."

आत्याने मान वर केली. "मग त्यांचं अडलं नाही?"

"काय?"

"लिलाव."

भाविका पुढच्या भाषेकडे वळली. "पापुआ न्यू गिनीत मानुस नावाचं बेट आहे. तिथे तितान भाषेत उंदराला म(   )उलेइ म्हणतात."

"एवढ्याशा उंदराला?"

"ऐक ना. त्यांच्याकडे तो आवाज एकटा येत नाही. आधी म. मग तो. आणि पुढे बहुतेक उ."

आत्या मागच्या दारी जावं तशी सहज म्हणाली, "म."

म म्हणताना ओठ आपोआप मिटतात. मिटलेल्या ओठांनीच ती उ कडे निघाली. ओठ पुढे आले, कवळीपासून सुटे झाले, फडफडले. भाविकाचा चष्मा ओला झाला. दात जागेवर होते.

"परत," भाविका म्हणाली.

चष्मा बराच वेळ पुसावा लागला.

सकाळी जिग्नेशने पितळी घंटा आणून बोटीच्या दोराला बांधूनच ठेवली होती. पुन्हा पापलेट, पुन्हा त्याच दोघी. नूतन वर गेली. हिरकणी श्वास घ्यायला थांबली, आणि आत्याने ओठ मिटले.

"म(   )ऊ."

जिग्नेश हसला. बाकी कोणी नाही. सगळे हिरकणीकडे बघत होते, कारण हरली असेल तर तीच हरली होती. ऐकू आला नाही म्हटलं की बोली उघडी.

"हे कुठलं गो?" हिरकणीने विचारलं.

"मानुसचं."

"कुठे आलं ते? तलासरीच्या पुढे?"

"पुढे."

"आधी नव्हता असा."

"दात पण नव्हते."

हिरकणीने पापलेटकडे एकदा बघितलं. चांगले तळहाताएवढे होते. मग आपली रिकामी पाटी कमरेला लावली आणि पुढच्या ढिगाकडे चालू लागली.

"चल," ती न वळता म्हणाली, "कोळंबी काढ."