अर्ध्या जात्याचा बहिरू

माझा नवरा कैलास याने आपल्या पणजोबाला सरदार केलं, त्याला आता तीन वर्षं झाली. मुळशीत पाण्याकाठी आमच्या चार खोल्या आहेत. शनिवार-रविवारी पुण्याचे पाहुणे उतरतात. त्यांना मासे वाढता वाढता हा पणजोबा बहिरूबाबांच्या तलवारीची गोष्ट काढायचा. गिऱ्हाईक खूश, म्हणून मीही गप्प. पण लेकीच्या, अपेक्षाच्या, लग्नपत्रिकेवर 'सरदार बहिरूबाबा यांची खापरपणती' असं छापून आलं, तेव्हा मात्र मी कपाळाला हात लावला.

खरा बहिरू साधा भात लावणारा माणूस. धरणाचं पाणी गावात शिरलं, तेव्हा जो तो हाती लागेल ते घेऊन डोंगर चढला. बहिरूने जात्याचा वरचा दगड डोक्यावर घेतला. खालचा जमिनीत रोवलेला, तो उद्या आणू म्हणाला. दुसऱ्या दिवशी अंगणात कमरेएवढं पाणी! पुढे त्या वरच्या दगडाखाली भलत्याच जात्याचा दगड बसवला, तो आजही डुगडुगतो. आमच्या घरी लग्नाची हळद त्याच जात्यावर दळतात आणि दळताना बहिरूची ओवी म्हणतात. ती म्हणतात कैलासच्या आत्या, लीलाबाई. वय ऐंशी. बहिरूच्या मांडीवर खेळलेल्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत.

"आत्ते, या बारीला ती ओवी नगं," कैलास त्यांना म्हणाला. "सोयरं भूगावचं हायेत. हसत्याल."

"लग्नात माझ्या आज्याचं नाव न्हाई घ्यायचं, मग कवा घ्यायचं रं?"

पण अपेक्षासाठी आत्या कबूल झाल्या. त्या दिवशी जेवल्या मात्र नाहीत. मला नवऱ्याचा इतका राग आला की त्याच्या ताटात मी मुद्दाम करपलेली भाकरी वाढली.

हळदीला कैलासने डेकोरेशनवाल्याकडून रंगवलेलं, झेंडू लावलेलं जातं मागवलं. नवरदेवाची, सौरभची, आई उज्वलाताई चार बायका घेऊन हौसेने आल्या. पाचजणींनी खुंट्याला हात घातला मात्र, जातं पंख्यासारखं गरगरलं आणि हळकुंडं होती तशीच राहिली. जातं फायबरचं होतं! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी निमूटपणे जुनं जातं आणायला लावलं.

जुनं घरघरलं, डुगडुगलं, पण हळद पडू लागली.

"ह्यो वरचा दगड मोटा आन् खालचा ल्हान कसा वो?" उज्वलाताईंनी विचारलं.

कैलास छताकडे बघू लागला. आत्यांनी गणपतीची ओवी म्हटली. दुसरी बहिरूची असायची. त्या थांबल्या. डोळे भरलेले. जातं नुसतंच घरघरत राहिलं.

तेवढ्यात दारातून एक बेसूर, पुरुषी आवाज आला:

"पाणी आलं दारी, बहिरू निघाला
अर्धं जातं डोई, डोंगर चढला"

कैलास! भरल्या बायकांत उभा राहून ओवी म्हणत होता आणि कानापर्यंत लाल झाला होता.

"सरदार-बिरदार कुनी नव्हता आमचा पणजा," तो म्हणाला. "वरचाच दगड घिऊन आला, येडा!"

पंचवीस वर्षांच्या संसारात मला त्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

उज्वलाताई हसता हसता भिंतीला टेकल्या. "अवो, माझ्या माहेरचा पणजा बी त्याच पान्यातनं आला. त्यानं दार आनलं आन् चौकट तितंच राह्यली! दोन वरसं दार भिताडाला टेकवून झोपायचा म्हनं."

दळण थांबलं, सगळ्या हसायला लागल्या. आत्यांनी डोळे पुसले. "नाव काय त्याचं? त्याची बी म्हणते एक ओवी."

उज्वलाताईंचं हसू ओसरलं. "नाव न्हाई ठावं. आमच्यात कुनी गायलंच न्हाई."

आत्यांनी त्यांचा हात धरून खुंट्यावर ठेवला आणि जागच्या जागी ओवी रचली:

"नाव राहिलं पाण्यात, दार आलं वर
बहिरूच्या शेजारी, बांधा त्याचं घर"

"आत्या, परत म्हना," उज्वलाताई म्हणाल्या. "पाठ करून नेते."