‘सगळं मान्य’

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना गाडी चालवायची भीती वाटायला लागली होती. एका संध्याकाळी पुलावर समोरून ट्रक अंगावर आला, थोडक्यात निभावलं, पण तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की हात थरथरायचे. शिकवण्याचं अडत नव्हतं. शिकवणारा शेजारी बसतो, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो आणि तोंड मोकळं असतं. पण स्कूल वहिनींचं होतं, आणि वहिनी घाबरट माणसाला ऑफिसात झाडू मारायलाही ठेवत नसत.

म्हणून दुपारी, कोणी नसताना, मास्तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उपाय शोधायचे. प्रत्येक साइट आधी कुकीजची परवानगी मागायची आणि मास्तर ‘सगळं मान्य’ दाबायचे. तो वहिनींचा दंडकच होता: विचारायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, तो उद्याचं गिऱ्हाईक असतो. वाचून झालं की हिस्टरी पुसायची, खुर्ची आत सरकवायची, विषय संपला.

विषय संपलेला नव्हता. हिस्टरी गेली तरी कुकीज ठाण मांडून राहतात. साइट जाताना कॉम्प्युटरमध्ये खुणेची चिठ्ठी ठेवून जाते, आणि पुढचा जाहिरातवाला त्या खुणेवरून माणूस ओळखतो.

सोमवारी रस्त्यावरच्या चिन्हांचा वर्ग होता. वहिनी मागच्या बाकावर. मास्तरांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ‘पुढे तीव्र वळण’ उघडलं, तर शेजारी गुलाबी चौकट उगवली: ‘स्टिअरिंग धरताना हात थरथरतात? लाजू नका.’

मास्तरांनी छडी हळूच वळणाकडे नेली. छडी थरथरत होती.

“यांना कसं कळलं हो माझं?” पहिल्या रांगेतली नर्स म्हणाली.

“तुमचं कशाला? माझं आहे ते,” रिटायर्ड हेडमास्तर म्हणाले. “मी आधी आलोय.”

वर्गात मालकी हक्काचा वाद पेटला. प्रत्येकाला ती जाहिरात आपलीच वाटत होती. वहिनी मात्र बघत होत्या, आणि पडद्याकडे नाही.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी सेटिंगमध्ये शिरून कुकीज झाडून पुसल्या. चौकटीत गाद्यांची जाहिरात आली. गादी बघून माणसाला भरून येऊ शकतं हे त्यांना माहीत नव्हतं.

“भाऊजी, जरा इकडे या.”

वहिनी कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. लायसन्सची टेस्ट बुक करायची साइट पासवर्ड मागत होती. आजवर ती कुकीवरून वहिनींना ओळखून मुकाट आत घ्यायची. आता ओळखच दाखवत नव्हती.

“सकाळी उघडी होती. कुणी काय केलं?”

“साफसफाई केली. वेग वाढतो म्हणतात.”

“टेबलावरचा कप उचलत नाही तुम्ही. साफसफाई?”

मास्तर उभ्या उभ्या सगळं बोलून गेले. ट्रक, पूल, हात. वहिनींनी खुर्ची फिरवली.

“म्हणजे त्या जाहिराती तुमच्या?”

“हो.”

“माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरही तेच चालू होतं. दोन्हीकडे खातं एकच ना. महिनाभर रोज ‘लाजू नका, लाजू नका’. मला वाटलं, यांना माझ्याबद्दल काहीतरी कळलंय, मलाच तेवढं कळलेलं नाही. शेवटी गेले त्या जाहिरातीतल्या समुपदेशक बाईंकडे.”

“काय म्हणाल्या?”

“तुम्हाला भीती नाही, ती असायला हवी होती, म्हणाल्या.”

मास्तर हसणार होते. वहिनींचा चेहरा बघून त्यांनी बेत रद्द केला.

“आजपासून शिकवायला गाडीत बसायचं नाही तुम्ही. शिकणाऱ्याचा जीव म्हणजे खेळ नाही,” वहिनी म्हणाल्या. “चिन्हं शिकवा. हात थांबले की बघू. माझ्या नावावर त्या बाईंची आजची वेळ उरलीय. ती तुम्ही घ्या.”

नोकरी राहिली होती.

“जाऊ कसा?”

“मी सोडते.”

वहिनींनी आरशाकडे ढुंकूनही न बघता स्कूलची गाडी सपकन मागे घेतली. मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला. शेजारी बसलेल्या मास्तरांनी आपल्या पायाशी असलेला ब्रेक दाबला आणि गाडी थांबली.

“भाऊजी, मी चालवतेय.”

“हो वहिनी,” मास्तर म्हणाले. पाय त्यांनी तिथेच ठेवला.