काठापासून तीन मिलिमीटर

माझ्या सासऱ्यांनी मनापासून प्रेम केलं असेल तर ते कटिंग मशीनवर. सासूबाईंचा नंबर त्यानंतर. मुलाचा त्याच्याही नंतर. आणि मी सून म्हणून आले ती थेट शेवटच्या रांगेत. पण तिथे मला सोबत भरपूर होती, कारण प्रेसमध्ये येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच रांगेत उभं असायचं.

आमचा छापखाना घराच्या खालच्या मजल्यावर आहे. पुढे काउंटर आणि माझा कॉम्प्युटर, मधे छपाईचं मशीन, मागे कटिंग मशीन. मागच्या खोलीत बाबांचं राज्य. कोणी पेनड्राइव्ह घेऊन आलं की बाबा हात पुसत पुढे यायचे आणि त्यांची टकळी सुरू व्हायची.

"पानाचं माप काय धरलंय? कापल्यानंतरचं की कापायच्या आधीचं?"

गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी छताकडे बघायचे. मग बाबा समजावायचे. कागदाचा गठ्ठा पात्याखाली गेला की केसभर सरकतोच, देव जरी कापायला बसला तरी सरकतो. म्हणून रंग किंवा फोटो पानाच्या काठापर्यंत न्यायचा असेल, तर तो काठाच्याही बाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवायचा. त्याला म्हणतात ब्लीड. ते कापून फेकण्यासाठीच असतं. आणि अक्षरं, आकडे मात्र काठापासून चांगले आत घ्यायचे. पीडीएफ बनवताना हे दोन्ही केलं नाही, तर एक तर कडेला पांढरी रेघ दिसते, नाही तर कोणाचं तरी नाक कापलं जातं. हे ते गंमत म्हणून सांगत नसत. एका पुढाऱ्याचा अख्खा कान आमच्या मागच्या खोलीत पडला होता आणि ते प्रकरण महिनाभर चाललं होतं.

मग बाबांचं डोकं हळूहळू जायला लागलं. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते, मग घराकडे वळायची गल्ली. एक दिवस स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंना त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

सासूबाई हसल्या. मग नळ सोडून भांडी घासत बसल्या, जी मी आधीच घासून ठेवली होती. "मी कागद असते ना," त्या मला म्हणाल्या, "तर यांच्या लक्षात राहिले असते."

खोटं नव्हतं ते. हातात छापील कागद दिला की बाबा पूर्वीचे बाबा व्हायचे. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टनसुद्धा ते उलटसुलट करून कडा बघायचे आणि कोणा परक्या छापखान्याचा उद्धार करायचे. डॉक्टरांनी स्वतःचं नाव विचारलं तेव्हा मात्र ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या नवऱ्याचं काय सांगू? बापाने त्याला जन्मभर फैलावर घेतलं होतं, तेही चारचौघांत, पट्टी हातात धरून. आता मानेवरचं जू उतरलं होतं. बाबांची काळजी तो मनापासून घ्यायचा, अंघोळ घालायचा, नखं कापायचा. पण कामात त्याला मोकळं वाटायला लागलं होतं हेही खरं. "आता हे सगळं जुनं झालं गं," म्हणत तो फाइली आपल्या मनाने बनवायचा. बऱ्याचदा निभावून जायचं.

बाबा घरातून निघून गेले त्या सकाळी निभावलं नव्हतं. एक हॉटेलवाला त्याच्या मेनूकार्डांचा गठ्ठा काउंटरवर आपटून ओरडत होता, कारण प्रत्येक कार्डाच्या कडेला पांढरी रेघ आली होती. नवरा त्याच्याशी हुज्जत घालत होता, मी मधे पडले होते, आवाज ऐकून सासूबाईही जिन्यातून खाली आल्या होत्या. हॉटेलवाला पाय आपटत गेला आणि सासूबाईंनी मागे बघितलं. मागच्या खोलीचं गल्लीकडचं दार उघडं होतं. बाबांच्या चपला तिथेच होत्या, बाबा नव्हते.

दुपारपर्यंत आम्ही सगळा भाग पालथा घातला. पोलिसांत नोंद झाली. तिथल्या माणसाने सांगितलं, "तुमचाच छापखाना आहे ना? मग पोस्टर काढा की."

नवरा माझ्या कॉम्प्युटरवर बसला. मी म्हटलं, मी करते. तो म्हणाला, नको, माझे वडील आहेत. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. वर बाबांचा फोटो, खाली दोन ओळींत वर्णन, आणि अगदी खाली पिवळ्या पट्ट्यावर प्रेसच्या जुन्या फोनचा नंबर. हा नंबर बाबांनी स्वतः मिळवलेला. आमच्या पाटीवर, बिलांवर, सगळीकडे तोच.

"पत्ता?" मी विचारलं.

"पत्ता कोण वाचतो? नंबर मोठा हवा. लांबून दिसला पाहिजे."

त्याने नंबर ओढून ओढून एवढा मोठा केला की पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पानाचं माप त्याने जेवढ्यास तेवढं धरलं. पिवळा रंग काठाशी येऊन थांबला होता, बाहेर काही नाही. मला ते दिसलं का? दिसलं असेल. त्या घटकेला मला फक्त बाबांचे अनवाणी पाय दिसत होते. "लवकर कर," एवढंच मी म्हणाले.

छापून झाल्यावर त्याने पहिला गठ्ठा कापला. उजव्या कडेला पांढरी रेघ आली. सकाळचा हॉटेलवाला त्याच्या डोक्यात अजून ओरडत असणार. बापाच्या पोस्टरवर तरी ती रेघ नको, म्हणून त्याने गठ्ठा जरासा सरकवला आणि पातं आतून मारलं. कडा छान पिवळीधमक निघाली. आम्ही खळ लावायला घेतली.

आमच्या गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, इथे पोस्टरची गरजच नव्हती. पण सकाळी बाबांना बसमध्ये चढताना बघितल्याचं कोणीतरी सांगितलं. कोणत्या बसमध्ये ते सांगता येईना. मग नवरा रोज सकाळी पिशवीत पोस्टरं आणि खळीचा डबा घेऊन निघायचा, एकेका गावच्या बसस्टँडवर लावून संध्याकाळी परत यायचा. पॅन्टवर खळीचे पांढरे डाग, डोळे खोल गेलेले. दारातून आधी आईकडे बघायचा.

सासूबाई फोनजवळ बसलेल्या असायच्या. तिथेच जेवायच्या, तिथेच डुलकी काढायच्या. फोन वाजला की त्या माझ्याआधी उचलायच्या, आणि पलीकडे कोणीतरी बिलबुकं झाली का म्हणून विचारायचं. फोन चालू होता, हीच तर पंचाईत झाली. तो बंद असता तर आम्हाला संशय आला असता.

"लोकांची मनं मेलीत," मी म्हणायचे. खूप शिव्या दिल्या मी त्या दिवसांत लोकांना. एवढी पोस्टरं, रस्त्यातून हजारो माणसं जातात, एकालाही एक फोन करावासा वाटू नये? सासूबाई म्हणायच्या, असं बोलू नये, कोणीतरी त्यांना खायला घालत असेल. रात्री गारठा वाढायला लागला होता. बाबांचा स्वेटर त्यांनी फोनशेजारी घडी घालून ठेवला होता.

एका सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या असताना फोन वाजला. मी उचलला. बाईचा आवाज होता, मागे बसचे हॉर्न.

"हरवलेल्या आजोबांचं घर का हे?"

मी हो म्हटलं. मग मी भडकलेच. "कुठे आहेत? इतके दिवस पोस्टर लागलंय आणि तुम्ही आज फोन करताय?"

"रोज करतेय हो ताई," ती म्हणाली. "तुमचा नंबर लागतच नव्हता. माझी स्टँडवर चहाची टपरी आहे. पोस्टर लागल्यावर दोन दिवसांनी आजोबा इथे उतरले, मी बघताक्षणी ओळखलं. नंबर फिरवला, नाही लागला. पोलिसाला सांगितलं, तो म्हणाला बघतो. कंट्रोलरच्या फोनवरून करून बघितलं, तेही नाही."

"मग आज कसा लागला?"

"आज सकाळी माझं लक्ष गेलं. ते आजोबा रोज त्या पोस्टरपाशी जाऊन चिडायचे. कोण गाढव आहे, म्हणायचे, काठाला चिकटवलंय. मला वाटायचं, डोक्यावर परिणाम झालाय, काहीतरी बडबडतात. माझ्या शेगडीतला कोळसा घेऊन त्यांनी नंबरच्या पुढे भिंतीवर एक उभी रेघ मारली होती. मला वाटलं होतं उगाच काहीतरी ओढलंय. आज मनात आलं, हा एक असेल का? म्हणून शेवटी एक लावून बघितला."

काउंटरवर पोस्टरांचा गठ्ठा पडला होता. मी एक ओढलं आणि बोट ठेवून आकडे म्हणत गेले. आमच्या नंबरचा शेवटचा आकडा एक आहे. इंग्रजी एक, एक सरळ उभी काडी. ती गेल्यावर मागे काही तुकडा राहिला नव्हता, काही अर्धवट दिसत नव्हतं. नंबर अगदी पुरा वाटत होता. आम्ही तिघांनी ती पोस्टरं हाताळली होती, खळ लावताना त्या नंबरवरून हात फिरवले होते.

"त्यांना द्या ना फोन," मी म्हटलं. "नाही तर धरून ठेवा, आम्ही लगेच निघतो."

तिने कोणाला तरी टपरीकडे बघायला सांगितलं.

"ताई, घरात कोणी पुरुषमाणूस आहे का?" तिने विचारलं आणि मला कळलं. "काल फार थंडी होती. मी टपरी बंद करताना पोतं दिलं होतं त्यांना अंगावर घ्यायला. सकाळी चहा घेऊन गेले तर बाकावर तसेच होते. आताच गाडी घेऊन गेली. म्हणून म्हटलं, निदान घरच्यांना कळवावं, आणि परत एकदा नंबर बघायला गेले."

नवरा दारात उभा होता. पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत. मी ते पोस्टर त्याच्यापुढे धरलं आणि जिथे आकडा नव्हता तिथे बोट ठेवलं. त्याने एकदा बघितलं. छापखान्यातला माणूस, त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

सासूबाईंना त्यानेच सांगितलं. बाबा गेले हे सांगितलं आणि आकड्याचंही सांगितलं. मी खुणेने नको म्हणत होते, तरी सांगितलं. त्या ओल्या केसांनी ऐकत राहिल्या. मग त्यांनी स्वेटर उचलून त्याच्याकडे दिला. "अंगात घाल त्यांच्या," म्हणाल्या. "तिथे गार असेल." त्याला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याचं बरं झालं असतं असं मला वाटतं.

त्या गावच्या दवाखान्यात सगळं उरकायला दुपार झाली. बाबांची दाढी वाढली होती आणि पायांत कोणाच्यातरी रबरी चपला होत्या. उजव्या हाताची बोटं काळी होती. तिथल्या माणसाने पुसून देऊ का विचारलं. नवरा नको म्हणाला.

गाडी मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही स्टँडवर त्या बाईचे आभार मानायला गेलो. तिने चहा दिला, तो आम्ही घेतला. मग तिने आम्हाला पोस्टर दाखवलं. एकच नव्हतं. नवऱ्याने त्या स्टँडवर जागोजागी लावली होती: खांबावर, चौकशीच्या खिडकीखाली, मुतारीच्या भिंतीवर. प्रत्येकाच्या उजव्या कडेला, कागद संपला तिथून थोडंसं पुढे, कोळशाची एक उभी रेघ होती. एकही वाकडी नव्हती. उंची आकड्यांच्या उंचीएवढी.

"फोटोतला माणूस आपणच आहोत हे कळत होतं का त्यांना?" मी विचारलं.

"फोटोकडे बघायचेच नाहीत ते," बाई म्हणाली. "काठाकडे बघायचे. एकदा मी म्हटलं, आजोबा, हे तुम्हीच ना? तर मलाच म्हणाले, ते राहू दे, आधी हे दुरुस्त करून आणा म्हणावं, असं बाहेर जाता कामा नये."

मला हसू आलं आणि त्याच घशातून रडू आलं. इतके दिवस मी ज्या लोकांना शिव्या देत होते, त्यांच्यातल्या कितीजणांनी तो नंबर फिरवला असेल, कितीजण दोनदा फिरवून, उसासा टाकून आपापल्या बसमध्ये चढले असतील, देव जाणे.

नवरा खांबापाशी गेला आणि पोस्टर काढायला लागला. आता त्याचा उपयोग नव्हता. खळ पक्की होती, कागद तुकड्यातुकड्याने निघत होता, नखांत अडकत होता. मी मदतीला गेले नाही. एका खांबावरचं काढून झाल्यावर तो तिथेच थांबला, त्या रेघेसमोर, बाबा कोणाचं तरी काम तपासायला उभे राहायचे तसा.

"अगं," तो म्हणाला, "छापायच्या आधी एकदा बाबांना दाखवायला हवं होतं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो अगदी शुद्धीवर होता, आणि मनापासून बोलत होता.