पंच क्रमांक दोन

पोलीस चौकीच्या अगदी समोर झेरॉक्सचं दुकान टाकायचं, तर आपली सही आपली राहणार नाही हे आधीच मान्य करायचं. बाईंनी ते सात वर्षांपूर्वी मान्य केलं होतं आणि त्याबद्दल आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

त्याचं असं आहे. पोलिसांनी कुणाची झडती घेतली, कुणाकडून काही जप्त केलं, की त्या कागदावर दोन त्रयस्थ माणसांच्या सह्या लागतात. ‘हे आमच्या डोळ्यांदेखत झालं’ असं सांगणाऱ्या. त्यांना पंच म्हणतात. ज्याने हा नियम केला त्याने पुष्कळ विचार करून केला असणार. ज्याच्या हातात दंडुका आहे, त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला आत टाकता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. पण रस्त्यावरून पंच शोधायला गेलं की माणसं ढुंगणाला पाय लावून पळतात. मग हवालदार काय करायचा? रस्ता ओलांडायचा, कागद काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, “मावशी, एक सही मारा.” बाई एका हाताने मशीनचं झाकण दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने सही ठोकायच्या. वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. कधी कधी तर वर काहीच लिहिलेलं नसायचं.

एकदा नाही म्हणून पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुकानाची पाटी फुटपाथवर वीतभर पुढे आल्याचा साहेबांना साक्षात्कार झाला, आणि आठवडाभर दारासमोर गाडी लावणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची गाडी उचलून नेली. त्यानंतर बाई मुकाट्याने सह्या करू लागल्या. याला काही जण शहाणपण म्हणतात.

सोमवारी सकाळी कापडी पिशवी घेतलेली एक बाई दुकानात आली. चाळिशीची असेल, केस घाईघाईत बांधलेले.

“ताई, सगळ्या पानांच्या दोन-दोन प्रती काढा. वकिलांनी मागितल्यात. नवऱ्याचं आरोपपत्र आहे.”

बोलता बोलता कळलं की ही किल्लीवाल्याची बायको. बाजाराच्या कोपऱ्यावर लाकडी पेटी मांडून बसणारा तो किल्लीवाला, खाली मान घालून कानस चालवणारा. बरेच दिवस दिसला नव्हता. बाईंना आपलं वाटलं होतं, गावी गेला असेल. गावी कसला जातोय! अकरा महिन्यांपासून तुरुंगात होता.

सहावं पान बाईंनी काचेवर ठेवलं, बटण दाबलं. गरम कागद बाहेर आला आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांची स्वतःची सही. पुढच्या क्षणी दुसरी प्रत. तीच सही, शेवटी ओढलेल्या लांब रेघेसकट.

बाईंनी मशीन थांबवलं. त्यांनी मूळ पान उचललं आणि सात वर्षांत पहिल्यांदा वरचा मजकूर वाचला. पहाटे सहा वाजता, बंद इमारतीच्या मागे, पंचांसमक्ष आरोपीची अंगझडती घेतली असता घरफोडीची पुढील हत्यारे मिळून आली: कानस एक, पक्कड एक, तारेचे आकडे नऊ, कोऱ्या किल्ल्या चाळीस. अहो, किल्लीवाल्याकडे कानस आणि किल्ल्या नाही मिळणार, तर काय बांगड्या मिळणार? आणि पहाटे सहाला बाई घरी अंथरुणात होत्या.

“पहाटे धरलं का हो त्यांना?” त्यांनी विचारलं.

“कसलं पहाटे! भर दुपारी उचललं कोपऱ्यावरून. सगळ्या बाजाराने बघितलं. साक्षीला या म्हटलं तर एकालाही सवड नाही.” बायकोने पिशवी छातीशी धरली. “आठ दिवस आधी साहेबांना कुणाचं तरी घर उघडून हवं होतं. मालक घरात नव्हता. हे म्हणाले, मालकाला आणा नाहीतर कोर्टाचा कागद आणा, दोन्ही नसेल तर मी कुलपाला हात लावणार नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मालकाशिवाय एक दार उघडलं नाही हो. आणि आज घरफोडे तेच!”

गुरुवारी तारीख होती. किल्लीवाल्याला सरकारने फुकट दिलेल्या वकिलाकडे शंभर प्रकरणं, त्याने हा गठ्ठा अजून उघडलाही नव्हता. पण सल्ला तयार होता: गुन्हा कबूल करून टाका. भोगलेले अकरा महिने हीच शिक्षा धरतील, त्याच दिवशी घरी. नाही म्हणालात तर खटला चालेल, आणखी दोन वर्षं आत.

“कबूल केलं की यांचा बाजारात बसायचा परवाना जातो,” बायको म्हणाली. “आणि चोरीचा शिक्का बसलेल्या माणसाकडे घराची किल्ली कोण देणार? हे म्हणतात, सडेन इथे पण कबूल करणार नाही. आता सगळं त्या दोन पंचांवर आहे. त्यांची नावं तेवढी वाचून सांगता का? मला छापील तेवढं वाचता येतं, पण हे असलं हाताने लिहिलेलं कुणासाठी असतं देव जाणे. त्यांच्या घरी जाऊन मी पाय धरीन.”

पहिल्या पंचाच्या नावापुढे ‘पत्ता माहीत नाही’ असं लिहिलं होतं. असा माणूस होता की नव्हता, कोण जाणे. दुसरं नाव बाईंचं होतं, ठळक आणि सुवाच्य. बाईंनी ते पाहिलं. समोर रस्त्यापलीकडे हवालदार दारात उभा राहून कान कोरत होता.

“पुसट आहे,” बाई म्हणाल्या. “नाही वाचता येत.”

किल्लीवाल्याच्या बायकोने कागद गोळा केले, पिशवीत नीट ठेवले आणि वर “त्रास दिला हं ताई,” असं म्हणून ती गेली.

त्या दिवशी बाईंनी दुकान चारलाच बंद केलं. घरी जाऊन भांडी अशी आपटली की नवरा पेपर खाली ठेवून स्वयंपाकघरात आला. सगळं ऐकल्यावर त्याचा चेहराच उतरला.

“हे बघ, तू काही केलेलं नाहीस. सगळेच सह्या करतात.”

“सगळेच करतात म्हणूनच तर तो आत आहे!”

“आणि तू खोटी सही केली म्हणालीस तर तुलाच आत घेतील. न्यायाचा ठेका काय एकट्या तूच घेतलायस? दुकान आहे आपलं तिथे.”

“त्याचंही होतं दुकान. पेटी का असेना, त्याची होती. ती ह्यांनी हत्यारं म्हणून लिहून घेतली आणि खाली मी सही केली.” बाईंचा आवाज चढला. “उद्या माझी कात्री लिहितील. तुझं पेन लिहितील. कुणीतरी सही करायला असला की झालं!”

नवरा पुन्हा पेपरकडे गेला. बाईंनी मात्र ठरवलं. गुरुवारी कोर्टात उभं राहायचं आणि जे खरं ते सांगायचं. तोवर ब्र काढायचा नाही. किल्लीवाल्याच्या बायकोलाही सांगायचं नाही, कारण तिला सांगितलं तर ते दोन तासांत चौकीवर पोचेल, मग दुकानाला टाळं, धमक्या, काय वाटेल ते. एकदा पिंजऱ्यात उभं राहिलं की मग कुणाच्या बापाची भीती! मनातल्या मनात त्यांनी ते दहा वेळा म्हणून पाहिलं.

बुधवारी हवालदार समन्स घेऊन आला.

“मावशी, उद्या अकराला या. दोन मिनिटांचं काम. सही तुमची का? हो. समोर झालं का? हो. की सुटलात.”

“आणि समोर झालंच नसेल तर?”

“काय मावशी, तुम्ही पण ना!” हवालदार मनापासून हसला. “आता या वयात वाचायला लागलात की काय?”

हातातला कागदांचा गठ्ठा बाईंनी काउंटरवर इतक्या जोरात ठोकून सारखा केला की वरचे दोन खाली पडले.

गुरुवारी पावणेअकरापासून त्या कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसल्या. साक्षीदाराने आत बसायचं नसतं, बोलावल्यावर जायचं. बारा वाजले, एक वाजला. शिपाई बाहेर येऊन नावं पुकारायचा, त्यांचं नाव नाही. तीन वाजता त्यांना राहवेना, त्या दार ढकलून आत गेल्या.

“साहेब, मी पंच. पंच क्रमांक दोन. किल्लीवाल्याच्या खटल्यातली.”

न्यायाधीश सह्या करत होते. त्यांनी मान वर केली नाही. सरकारी पक्षाचा वकील म्हणाला, “बाई, तुमची गरज नाही आता. आरोपीने दुपारीच कबुली दिली. जा तुम्ही.”

“कशाची कबुली? त्याने काही केलंच नाही!”

आता सगळ्यांनी मान वर केली. बाईंची जीभ आता मोकळी सुटली होती. “मी काही बघितलं नाही साहेब. माझ्यासमोर झडती झाली नाही, काही सापडलं नाही. सही माझी आहे, वरचं अक्षर न् अक्षर खोटं आहे. आणि ही एकच नाही. सात वर्षं मी अशा सह्या करतेय, किती केल्या मलाच ठाऊक नाही. किती माणसं आत गेली तेही ठाऊक नाही. लिहून घ्या हे!”

टायपिस्टने बोटं उचलून धरली होती. तिने न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी मान हलवली, नाही अशी. तिने बोटं मांडीवर ठेवली.

“प्रकरण निकाली निघालंय,” न्यायाधीश म्हणाले. “तुम्हाला काही म्हणायचं असेल तर रीतसर अर्ज करा.”

“अर्ज? तीन प्रतींत ना साहेब? माझंच दुकान आहे, काढते की! माणूस अकरा महिने कोंडला तेव्हा कुणी अर्ज केला होता?”

“बाई, आणखी एक शब्द बोललात तर तुमच्यावर कारवाई करावी लागेल.”

शिपायाने दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. दारात हवालदार उभा होता. तो आज हसत नव्हता. “दुकानावर बोलू आपण,” एवढंच म्हणाला.

“ये,” बाई म्हणाल्या. “पण मालक सांगेल तेव्हा ये, नाहीतर कोर्टाचा कागद घेऊन ये.”

जिन्याजवळ किल्लीवाला आणि त्याची बायको सुटकेचा कागद घेऊन उभी होती. दोघांनी आतलं सगळं ऐकलं होतं. किल्लीवाला फार वाळला होता, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. बायको बाईंकडे बघत राहिली, आणि तिचा आवाज अगदी खाली होता.

“हे शेवटपर्यंत नाहीच म्हणत होते. दुपारी खाली कोठडीपाशी वकिलांनी विचारलं, पंच काय सांगणार याची काही कल्पना? मी म्हटलं, नाव पुसट होतं, वाचता आलं नाही, म्हणून भेटता आलं नाही. ते म्हणाले, मग तो पोलिसांचाच माणूस धरून चाला, हो म्हणणार, दोन वर्षं जातील. तेव्हा यांनी कबुलीला मान डोलावली.” तिने सुटकेचा कागद दुमडला. “तुम्ही आज हेच सांगायला आला होतात?”

“हो.”

“मग सोमवारी?”

बाईंनी तोंड उघडलं. दुकान, हवालदार, टाळं, सगळं ओठांवर आलं आणि एकही शब्द सांगण्याच्या लायकीचा वाटेना.

“पुसट नव्हतं,” त्या म्हणाल्या. “स्वच्छ दिसत होतं. माझंच नाव होतं.”

किल्लीवाल्याने बायकोच्या हातातून पिशवी घेतली आणि तिला घेऊन तो जिना उतरू लागला.