बंडूचं स्वेटर

पुंडलिक आणि बंडू जुळे, इतके सारखे की रांझी वस्तीतल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधले शेजारी अजूनही चुकायचे. पुंडलिक फॅक्टरीत नोकरीला होता. बंडू मात्र बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढण्यापायी पुन्हा तुरुंगात गेला होता.

म्हणूनच कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी गीतांजली घरी आली. रक्त एक, घर एक, मग एकच भाऊ गुन्ह्याकडे का वळला, याचा ती अभ्यास करत होती. पुंडलिकने मुद्दाम सुट्टी घेतली होती.

"लहानपणी बंडूच्या डोक्याला मार लागला होता का, काकू?"

"गच्चीवरून पडला होता," आई सांगू लागली. "तेव्हापासून चिडका झाला. बापही मारायचा तर त्यालेच." मग बंडूचा ताप, बंडूचं शाळेतून पळणं. आईचे डोळे भरून यायचे, मधेच हसू फुटायचं.

"आणि पुंडलिक?"

"याचं काय सांगू? हा सरळच होता."

गीतांजलीने मान डोलावली. मेंदूची इजा की बापाची दहशत, की दोन्ही मिळून, असं म्हणत ती पुन्हा बंडूबद्दलच विचारू लागली.

ती गेल्यावर आई म्हणाली, "उभा राह्य जरा." अर्धवट विणलेलं स्वेटर तिने पुंडलिकच्या पाठीला लावलं. "बरोबर आहे. त्याले बसेल." तिचे हात पुंडलिकच्या खांद्यांवरून फिरत होते, पण माप बंडूचं चाललं होतं.

आई भाजी आणायला गेली, तेव्हा त्याने एक टाका ओढला. लोकर सरसर सुटत गेली. त्याला इतकं बरं वाटलं की थांबवेना.

आई परतली. "मांजरीनं केलं काय हे?"

तिला त्याचा संशयही आला नाही, हे त्याला जास्त झोंबलं. "मी उसवलं."

"तू? काहून?"

"माप माझं घेते, विणते त्याच्यासाठी."

आई पिशवी हातात घेऊनच बसली. "लहानपणी तू कशाले भ्यायचा रे? मले आठवूनच नाही राहिलं."

"तू त्याले दवाखान्यात न्यायची, तेव्हा घरात एकटं राहाले."

मग ती विचारत गेली, तो सांगत गेला. भाजी पिशवीतच राहिली तरी कोणी उठलं नाही. आज आई आपली आहे, असं त्याला वाटलं.

अंधारून आल्यावर तिने लोकर गोळा केली. "हात पुढे कर, गुंडाळते."

"आधी माझं विणशील?"

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तिथं थंडी लय आहे रे," ती म्हणाली.

पुंडलिकने हात पुढे केले.